भाड्याने घेतलेल्या हॉलची गोष्ट: जर्मनीतल्या मराठी मंडळांना खुले पत्र

प्रिय कार्यकर्ते मित्रमैत्रिणींनो,

सप्रेम नमस्कार.

गेल्या गणेशोत्सवात आरतीसाठी कापूर पेटवणार तेवढ्यात हॉलचे हाउसमाइस्टर, म्हणजे इमारतीची देखभाल करणारे, आजोबा छताकडे बोट दाखवत लगबगीने आले. वर धूर ओळखणारं यंत्र बसवलेलं आहे. आपण कापूर बाजूला ठेवला, विजेवरच्या पणत्या लावल्या आणि टाळांच्या गजरात आरती पार पडली. रात्री खुर्च्या रचताना मी त्यांना सहज विचारलं, की ही इमारत आधी कशाची होती? त्यांनी हातातली खुर्ची खाली ठेवली आणि मला जिन्याच्या तोंडाशी नेलं. तिथे तुळईत एक जाडजूड लोखंडी आकडा आहे. खालच्या मजल्यावरून पोती वर ओढायचा तो आकडा. गेली कित्येक वर्षं आपण त्याच आकड्याला झेंडूच्या माळा अडकवतो आहोत, आणि तो तिथे का आहे हे आपल्यापैकी कोणी कधी विचारलं नव्हतं.

पत्रास कारण हेच. गणपती, दिवाळी पहाट, एकांकिका, लावणीची कार्यशाळा, मुलांचे मराठीचे वर्ग यांसाठी आपण जे हॉल भाड्याने घेतो, त्यातले कितीतरी हॉल पूर्वी कारखाने, कोठारं किंवा ट्रामच्या शेड होते. ते आपोआप हॉल झालेले नाहीत. कोणीतरी त्यासाठी भांडलं आहे. मी कोलोनमध्ये राहते, म्हणून इथल्या चॉकलेटच्या कारखान्याची हकिकत तुम्हाला सांगते. नंतर एक मागणंही मागणार आहे.

मी मूळची पार्ल्याची. पार्ल्याच्या स्टेशनवर गाडी थांबली की डब्यातल्या झोपलेल्या माणसालाही भाजलेल्या बिस्किटांच्या वासाने स्टेशन कळायचं. १९२९ साली तिथे गोळ्यांपासून सुरुवात झालेला तो कारखाना २०१६ मध्ये बंद झाला. त्यानंतर मी आईकडे गेले तेव्हा फलाटावर उतरून काही क्षण नुसती उभी राहिले होते. सगळं जागच्या जागी होतं, फक्त वास नव्हता. कोलोनला आल्यावर आमच्या शेजारच्या ओमाने, म्हणजे आजीने, पहिल्याच हिवाळ्यात मला सांगितलं, की आमच्या मोहल्ल्यात वाऱ्याची दिशा चॉकलेटच्या वासावरून कळायची. त्या वाक्यावर आमची मैत्री जमली.

तिचा मोहल्ला म्हणजे शहराच्या दक्षिणेचा सेव्हेरीन भाग. इथली माणसं कोलोनच्या बोलीत त्याला 'फ्रिंग्सफेडल' म्हणतात. आणि तो कारखाना म्हणजे श्टोलवेर्क.

फ्रान्त्स श्टोलवेर्क हा बेकरीवाला. १८३९ मध्ये त्याने कोलोनात दुकान थाटलं. त्याचं नाव आधी झालं ते खोकल्याच्या गोळ्यांमुळे, चॉकलेट नंतर आलं. गोळ्या इतक्या खपू लागल्या की शहरातले औषधविक्रेते खवळले, हा आमचा धंदा आहे म्हणाले. पण तो मागे हटला नाही. मला त्याच्याबद्दल सगळ्यात आवडणारी गोष्ट वेगळीच आहे: त्याने कॉफीची दुकानं काढली आणि एक नाटकगृहही चालवलं. म्हणजे पुढे शतकाहून अधिक काळाने त्याच्या नावाच्या कारखान्यात नाटकं झाली, तेव्हा वर्तुळ कुठून सुरू झालं होतं ते बघा.

धंदा वाढवला तो त्याच्या पाच मुलांनी. हाइनरिख हा यंत्रांत रमणारा. १८७३ मध्ये त्याने पाच रुळांचं दळणयंत्र बनवलं. पुरणयंत्र फिरवताना हाताला जे जाणवतं, तेच पोलादाच्या मापात मनात आणा. कोको आणि साखरेचा जाडाभरडा लगदा खालच्या दोन रुळांमध्ये सोडायचा. वरचा प्रत्येक रूळ खालच्यापेक्षा वेगाने फिरतो, त्यामुळे लगदा पातळ पापुद्र्यासारखा खेचला जाऊन वर वर चढतो आणि शेवटच्या रुळावरून खरवडून काढला जातो. तोपर्यंत साखरेचा कण इतका बारीक झालेला असतो की तो जिभेला लागत नाही. आजही जगातल्या बऱ्याच मोठ्या चॉकलेट कारखान्यांत हीच पाच रुळांची रचना दिसते.

धाकट्या लुडविगचं डोकं विक्रीत चालायचं. १८८७ पासून त्याने नाणं टाकलं की चॉकलेट देणारी यंत्रं चौकाचौकांत आणि स्टेशनांवर उभी केली. १८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात या घराण्याने चॉकलेट आणि कोको-बटरचं ३०,००० पौंडांचं मंदिर उभारलं, आत जर्मनीचं प्रतीक असलेल्या जर्मानियाची मूर्ती. आणि १९०३ मध्ये मुलांसाठी छोटा ग्रामोफोन बाजारात आणला, ज्याच्या तबकड्याच चॉकलेटच्या होत्या. गाणं ऐकायचं, कंटाळा आला की तबकडी खायची. ही गोष्ट मी मराठी शाळेतल्या मुलांना सांगते तेव्हा त्यांचे डोळे बघण्यासारखे होतात.

पण कारखाना म्हणजे फक्त हे पाच भाऊ नव्हेत. चॉकलेटवर कागद गुंडाळणाऱ्या, डबे भरणाऱ्या बहुतेक बायका होत्या. मोहल्ल्यात त्यांना 'श्टोलवेर्कच्या पोरी' म्हणत. ओमाची आई त्यांतलीच. ती घरी आली की तिच्या केसांना, पदराला (ओमा 'एप्रन' म्हणते, माझ्या कानाला पदरच ऐकू येतो) कोकोचा वास असायचा, आणि बोटांची टोकं चांदीच्या कागदाने गुळगुळीत झालेली. ज्या गरम देशांतून त्या कोकोच्या बिया यायच्या तिथले मळ्यातले मजूर तर या हकिकतीत कुठेच दिसत नाहीत. चॉकलेटचा इतिहास सांगताना त्यांची आठवण ठेवूनच पुढे जायला हवं.

विसाव्या शतकाच्या मध्यानंतर धंदा खालावला. १९७२ मध्ये हान्स इमहॉफ या उद्योगपतीने कंपनी घेतली, कारखाना ऱ्हाइनच्या पलीकडे वेस्टहोफनला हलवला आणि मोहल्ल्यातली जागा विकली. म्हणजे शहराच्या पोटात, नदीपासून हाकेच्या अंतरावर, एक भलीमोठी रिकामी वास्तू आणि तिच्याखाली सोन्याच्या मोलाची जमीन. पुढे काय होतं हे लालबाग-परळच्या गिरण्यांच्या चिमण्या पडताना ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना मी वेगळं सांगायला नको.

सेव्हेरीन भाग तेव्हा गरीब होता. जुनी घरं, सामाईक संडास, कमी भाडं. पेन्शनर म्हातारे, कामगार, विद्यार्थी, आणि तुर्कस्तान-इटलीहून 'पाहुणे कामगार' म्हणून आलेली कुटुंबं, सगळे दाटीवाटीने राहायचे. नगरपालिकेने नूतनीकरण काढलं. नूतनीकरण झालं की भाडं वाढणार आणि आपण बाहेर फेकले जाणार, हे लोकांनी ओळखलं. त्यांनी नागरिकांची समिती बांधली. त्यांची मागणी साधी होती: कारखाना पाडू नका, त्याच्या भक्कम मजल्यांवर आम्हाला परवडणारी घरं करून द्या. त्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या वास्तुरचनाकारांनी आराखडेही मांडले. यंत्रांचं ओझं पेलणारे मजले माणसांचं ओझं सहज पेलतील, हे त्यांचं म्हणणं.

तरीही निर्णय पाडण्याच्या बाजूने गेला. तेव्हा मे १९८० मध्ये लोक कारखान्यात शिरले आणि तिथेच राहिले. ४९ दिवस.

ओमा तेव्हा तिशीत होती. ती रात्री मुक्कामाला नव्हती, तिला लहान मूल होतं. पण रोज संध्याकाळी ती पातेलंभर सूप घेऊन जायची. ती सांगते त्यातलं माझ्या मनात घर केलेलं चित्र असं आहे: जिथे तिची आई पंचवीस वर्षं उभी राहून कागद गुंडाळत होती, त्याच दालनात गाद्या टाकलेल्या, एका कोपऱ्यात घरभाड्याची बैठक आणि दुसऱ्या कोपऱ्यात कोणीतरी गिटार लावतंय. आईच्या काळी तिथे बोलायलाही बंदी होती, म्हणून ओमा पहिल्या दिवशी आत गेली तेव्हा कुजबुजत बोलत होती. तिच्या मैत्रिणीने तिला सांगितलं, अगं, आता मोठ्याने बोल.

जुलैत बोलणी झाली आणि लोक बाहेर पडले. हाती काय लागलं? सगळं नाही. एका बाजूची लांबलचक इमारत वाचली, तिथे घरं झाली. आज तिला 'अ‍ॅनोरीगल' म्हणतात आणि तिथे अजून लोक राहतात. यंत्रांचं दालन आणि अ‍ॅनोसाल हा मोठा हॉल यांचं पाडकाम काही वर्षं लांबलं. त्या काही वर्षांत तिथे जे घडलं त्याच्या आठवणी काढताना कोलोनची साठी-सत्तरीतली माणसं अजूनही हळवी होतात. चित्रकारांचे स्टुडिओ, नाटकं, रॉकच्या मैफली, रात्रभर चालणारे कार्निव्हल. पडका रंग, उघडे पाइप, आणि खच्चून भरलेला हॉल. नाटकवाल्यांना तालमीला जागा मिळणं म्हणजे काय असतं, हे तुमच्यापैकी ज्यांनी बेसमेंटमध्ये, मुलं झोपल्यावर, दबक्या आवाजात एकांकिकेची तालीम केली आहे त्यांना नक्की कळेल.

१९८७ मध्ये ते सगळं पाडलं.

आज ड्रायक्योनिगनश्ट्रासंवर 'ब्युर्गरहाउस श्टोलवेर्क' आहे. ब्युर्गरहाउस म्हणजे शब्दशः नागरिकांचं घर. तिथे नाटक होतं, विनोदी कार्यक्रम होतात, वस्तीतल्या गटांना खोल्या मिळतात. जागा फार चांगली आहे, शहर ती चालवतं आणि मला तिचा अभिमान आहे. पण ती वास्तू चॉकलेटच्या कारखान्याची नाही. ते प्रशियाच्या सैन्याचं जुनं धान्याचं कोठार आहे. कारखान्याचं नाव तिकडे गेलं, भिंती मात्र गेल्या त्या गेल्याच. आणि नदीकाठी, पंधरा मिनिटांच्या अंतरावर, १९९३ मध्ये त्याच हान्स इमहॉफने चॉकलेटचं संग्रहालय उघडलं. भारतातून आईवडील आले की आपण सगळेच त्यांना तिथे नेतो. तीन मीटर उंच कारंजं, त्यात २०० किलो वितळलेलं चॉकलेट, त्यात बुडवून हातात दिलेलं वेफर. माझ्या बाबांनी दोनदा घेतलं. संग्रहालय सुंदर आहे, हाइनरिखच्या जातीची यंत्रंही तिथे बघायला मिळतात. पण तिथून बाहेर पडून दक्षिणेला चालत गेलात, तरच ४९ दिवसांच्या जागेपाशी पोचाल. कोलोनमधलं श्टोलवेर्कचं उत्पादनही २००५ मध्ये थांबलं, तेव्हा वास तर आता नदीच्या दोन्ही काठांना नाही.

माझं म्हणणं असं आहे की कोलोनमध्ये चुकलं ते एकाच ठिकाणी. लोकांनी जागा वापरली, गाजवली, पण जमीन शेवटपर्यंत दुसऱ्याच्या हातात राहिली.

बर्लिनमध्ये दोन चॉकलेट कारखान्यांनी हेच सोडवून दाखवलं आहे. क्रॉइत्सबर्गमध्ये १९८१ साली बायकांनी एक रिकामा चॉकलेट कारखाना ताब्यात घेतला. नाव ठेवलं शोकोफाब्रिक. आजूबाजूला तुर्की वस्ती, घरात न्हाणीघर नाही, भाषा येत नाही, एकटीने बाहेर पडायची सवय नाही. या बायकांनी काय केलं, तर भाषेचे वर्ग काढले, मुलांना ठेवायची सोय केली, सुतारकामाची कार्यशाळा काढली, आणि १९८८ मध्ये खास बायकांसाठी हमाम सुरू केला. परक्या देशात आलेल्या बाईला मोकळेपणाने गरम पाण्याने न्हायला मिळावं, शेजारणीशी आपल्या भाषेत बोलता यावं, यापेक्षा मोठं सांस्कृतिक काम मला तरी माहीत नाही. पुढे त्यांनी सहकारी संस्था काढली आणि २००४ मध्ये इमारत विकत घेतली. आपल्याकडच्या बचत गटांत, गृहनिर्माण संस्थांत वाढलेल्या माणसाला यातला प्रत्येक टप्पा ओळखीचा वाटेल.

दुसरा कारखाना मिट्टे भागात, आकरश्ट्रासंवर. भिंत पडल्यानंतरच्या उन्हाळ्यात, १९९० मध्ये, तरुणांनी तो व्यापला. नाव शोकोलाडन. मैफली, नाटक, कवितावाचनं, वर स्टुडिओ आणि राहायच्या खोल्या. मग भोवतालचा भाग महाग झाला, मालकाला जागा रिकामी हवी होती, कोर्टाचा निकाल त्याच्या बाजूने. २२ फेब्रुवारी २०१२ ही बाहेर काढण्याची तारीख ठरली. अगदी शेवटच्या घटकेला तोडगा निघाला: स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या एडिथ मारियॉन फाउंडेशनने जागा विकत घेतली. जमीन फाउंडेशनची, इमारत दीर्घ मुदतीच्या कराराने तिथल्या लोकांकडे. जमीन पुन्हा बाजारात जाऊच नये, यासाठी ही रचना. शोकोलाडन आजही चालू आहे. गेल्या वर्षी मी तिथे गेले तेव्हा दरवाजावर कुणीतरी हाताने लिहिलेला कार्यक्रमाचा फलक होता आणि आत जेमतेम शंभर माणसं मावतील एवढी खोली, भिंतींवर पोस्टरवर पोस्टर चिकटवलेली.

आता मागणं.

आपण अशा जागांचे एका संध्याकाळचे भाडेकरू आहोत. हॉल बुक करतो, डिपॉझिट भरतो, साउंड लावतो, मोदक वाटतो, झाडून पुसून किल्ली परत देतो. आपलं वागणं नेटकं असतं आणि त्याबद्दल आपल्याला मान आहे. पण इतकी वर्षं येऊनही त्या घराच्या वार्षिक सभेला आपल्यातलं कोणी गेलेलं नाही. बर्लिनमध्ये २०२५ च्या अंदाजपत्रकात संस्कृतीवरचे सुमारे १३ कोटी युरो कापले गेले. लोक रस्त्यावर उतरले. त्या गर्दीत मला मराठी कानावर पडली नाही. कदाचित तुम्ही होतात आणि मला दिसला नाहीत. तसं असेल तर मला कळवा, मला मनापासून आनंद होईल.

पार्ल्यात आमच्याकडे टिळक मंदिर आहे, लोकमान्य सेवा संघाचं, १९२३ पासूनचं. व्याख्यानं, वाचनालय, गाण्याच्या मैफली. लहानपणी मला वाटायचं ते सरकारचं असेल. आजोबांनी एकदा सभासदत्वाची जुनी पावती दाखवली आणि म्हणाले, हे आपलं आहे, आपण चालवतो. वर्गणी काढून चार भिंती उभ्या करणं आणि त्या चार भिंतींत गाणं-नाटक जगवणं आपल्याला शिकवावं लागत नाही. मग जर्मनीत आल्यावर आपण नुसतं गिऱ्हाईक होऊन का राहावं?

म्हणून विनंती. प्रत्येक मंडळाने आपण वापरतो त्या हॉलच्या संस्थेचं सभासदत्व घ्यावं. बऱ्याच ठिकाणी ते एका कुटुंबाच्या दिवाळी तिकिटाहूनही स्वस्त असतं. वर्षातला एक कार्यक्रम तिकीट न लावता मोहल्ल्यासाठी करावा, मराठी न येणाऱ्यांसाठी, शेजारच्या ओमांसाठी, तुर्की काकूंसाठी. ढोल-ताशा त्यांना समजावून सांगावा लागत नाही, मी पाहिलं आहे. पडदा उघडण्याआधी सूत्रसंचालकाने प्रायोजकांची नावं घेतो तशी दोन मिनिटं त्या वास्तूची हकिकतही सांगावी: इथे आधी काय होतं, कोण राबायचं, कोणी वाचवलं. आणि नगरपालिकेत अशा घराचं अनुदान कापायचा विषय निघेल तेव्हा मंडळाच्या लेटरहेडवर एक पत्र जावं, जर्मनमध्ये, सहीशिक्क्यासह. जर्मनीतल्या नगरसेवकांना कोणता हॉल कोण वापरतं याचा पत्ता नसतो. शंभर मराठी कुटुंबं दर वर्षी इथे येतात हे त्यांना आपण सांगितलं नाही तर कोण सांगणार?

पत्र लिहायचं काम माझ्याकडे द्या, जर्मन मसुदा तयार आहे.

आणि कोलोन परिसरातल्या मंडळींसाठी: येत्या महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी अकरा वाजता मी क्लोडविगप्लात्सवर सेव्हेरीन वेशीखाली उभी असेन. तिथून आपण अ‍ॅनोरीगलपर्यंत चालत जाऊ, मग ब्युर्गरहाउस बघू. ओमा ऐंशीच्या घरात आहे, पण येणार म्हणाली आहे. तिच्या आईकडची चॉकलेटच्या डब्यावरची चित्रं अजून शाबूत आहेत, ती घेऊन येणार आहे. तिला खुर्ची लागेल, कोणीतरी एक घडीची खुर्ची आणा. मी चिवडा आणते.

आपली,
कोलोनमधली एक पार्लेकर